झाकणाआतली चौथी ओळ

पट्टा बदलायचा की नाही यावर त्या घरात तीन दिवस वाद चालला होता, आणि वाद घालणारी माणसं होती दोनच. ताई म्हणायची, बदलू. तिचा धाकटा भाऊ म्हणायचा, चालत्या गाडीला खीळ घालू नकोस.

भावाला सगळे बारक्या म्हणत. लहानपणी तो इतका गुबगुबीत होता की कुणीतरी थट्टेनं ते नाव ठेवलं, आणि चाळिशीत मूत्रपिंडांनी दगा दिल्यावर आजारानं ते खरं करून दाखवलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याला डायलिसिस लागायचं. इस्पितळ एकतीस किलोमीटरवर, मोठा उतार उतरून गेल्यावर. एक फेरी चुकली तर पाय सुजायचे, दोन चुकल्या तर धाप लागायची, आणि तिसरी चुकवून बघण्याची छाती कुणाचीच नव्हती. म्हणून ताईनं दोन महिन्यांपूर्वी ही जुनी डिझेल व्हॅन घेतली. आधीचा मालक धुलाईचे कपडे पोचवायचा. दार उघडलं की अजूनही साबणाचा वास यायचा. मागच्या बाकावर पलीकडच्या गल्लीतले निवृत्त मास्तर बसायचे. त्यांचंही दुखणं तेच, वर डोळे अधू.

त्या बनावटीच्या इंजिनात एक ठाऊक असलेली दुखरी जागा होती, टायमिंग बेल्ट. दातेरी रबरी पट्टा. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग एका तालात ठेवणं एवढंच त्याचं काम. पण तो तुटला की वरचं खालच्यावर आपटतं आणि इंजिन जागच्या जागी मरतं. सपाट रस्त्यावर गाडी बंद पडली म्हणून बोटं मोडायची. उतारावर मात्र स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा होतो, आणि पुढचं कुणी सांगायची गरज नसते. विकणारा म्हणाला होता, "बदललाय हो मागेच." कधी, कुणी, याचा कागद नव्हता.

ताईनं बावीस वर्षं सूतगिरणीच्या तपासणी खोलीत काढली होती. यंत्रात धागा अडकवायचा, तुटेपर्यंत ताणायचा आणि कितीवर तुटला ते लिहायचं, हे तिचं काम. हजारो धागे तिनं डोळ्यांदेखत तोडले होते.

"तुटायच्या आधी धागा काही सांगत नाही," ती म्हणायची. "शेवटच्या क्षणापर्यंत चांगलाच दिसतो."

"मग चांगला दिसतोय तर राहू दे की," बारक्या म्हणायचा. "माझं सगळं शरीर तुटकं आहे, त्याचं काही नाही. तू पट्ट्याची काळजी कर." यावर ती चिडायची. आपल्या आजाराची थट्टा करायची त्याची सवय तिला कधीच आवडली नाही.

शेवटी मंगळवारी सकाळी ती गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेली. मिस्त्रीचं गॅरेज त्यांच्याच रस्त्याच्या टोकाला होतं. पत्र्याचं छप्पर, जमिनीवर तेल पिऊन काळी झालेली माती, आणि भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं टांगलेले पाने. माणूस साठीचा, तोंडानं फटकळ आणि हातानं सोन्यासारखा. त्याची एक जुनी रीत होती. पट्टा बदलला की झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं मीटरचा आकडा लिहायचा आणि पुढे खूण करायची. तुटायच्या आधी बदलला असेल तर गोल. तुटल्यावर बदलला असेल तर फुली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं तो म्हणे; निदान पुढचा मिस्त्री तरी शहाणा होईल.

त्यानं चार बोल्ट काढले आणि काळं झाकण उलटं केलं. मग बराच वेळ ते हातात धरून उभा राहिला.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"ही गाडी मी कधी पाहिलीय का?"

"मला काय विचारता? दोन महिने झाले घेऊन. पहिल्यांदाच आणलीय तुमच्याकडे."

त्यानं झाकण तिच्यापुढे धरलं. आत पांढऱ्या रंगात आकडे होते. वर एकाखाली एक तीन ओळी, प्रत्येकीपुढे गोल. मग थोडी मोकळी जागा. त्याखाली चौथा आकडा, १८४०८८. त्याच्यापुढे फुली.

"अक्षर माझं आहे," मिस्त्री म्हणाला. "माझा आठ असाच खालून तुटका असतो. गोलही मी उलटीकडून काढतो. पण ही गाडी मी जन्मात पाहिलेली नाही."

ताईनं आत वाकून मीटर पाहिलं. १८४००६.

मिस्त्री हसला, पण हसणं काही जमलं नाही. "मीटर मागे फिरवलंय. विकणारे फिरवतात. खरा आकडा कधीच पुढे गेलेला असणार. आणि अक्षर... माझ्या हाताखाली डझनभर लोक शिकून गेले. एखाद्यानं उचलली असेल रीत." ताईला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी घरी येताना तिनं मनातल्या मनात हिशेब केलाच. बुधवारची जाऊन-येऊन फेरी बासष्ट किलोमीटर. शुक्रवारी घरापासून आणखी वीस. वीस किलोमीटरवर उताराचं तिसरं वळण होतं.

बुधवारची फेरी तिनं दुसऱ्या गियरमध्ये, जीव मुठीत धरून केली. मागवलेला नवा पट्टा गुरुवारी आला, तेव्हा तो बदलायला गाडी पुन्हा मिस्त्रीकडे उभी केली.

काढलेला पट्टा मिस्त्रीनं पिळून पाहिला, उलटा वाकवून पाहिला, दातांवरून नख फिरवलं. "ताई, खोटं नाही सांगत. हा अजून साठ हजार चालला असता. काढायची काही गरज नव्हती."

"तुम्हीच म्हणता ना, तुटायच्या आधी बदलावा?"

"म्हणतो. पण चांगला काढून नवा टाकला की एक गोष्ट होते. जुना किती टिकाऊ ते तरी आपल्याला माहीत झालेलं असतं. नव्याचं काहीच माहीत नसतं."

"मग जुनाच घाला परत."

"एकदा काढलेला परत घालत नाहीत." हे तो जरा तुटकपणे म्हणाला.

त्यानं नवा पट्टा चढवला, ताण तपासला, इंजिन जागेवरच अर्धा तास चालू ठेवलं. आवाज तुपात सुरी फिरावी तसा. मग त्यानं झाकण हातात घेतलं, रंगाची काडी बुडवली आणि आजचा आकडा लिहून पुढे गोल काढला. त्यासाठी त्यानं जागा शोधली नाही. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत जी मोकळी जागा होती तिथं ती ओळ बरोबर बसली. वर जागा उरली नाही, खाली उरली नाही. आता पाच ओळी झाल्या, सगळ्या सारख्या अंतरावर.

दोघांनीही ते पाहिलं.

"ती फुली पुसून टाका," ताई म्हणाली.

मिस्त्रीनं चिंधीवर थिनर घेऊन घासलं. आत्ताच काढलेला गोल जरा फिसकटला. फुली मुळीच हलली नाही. जुना, तापून बसलेला रंग होता तो. त्यानं झाकण लावलं आणि बोल्ट आवळले.

त्या संध्याकाळी ताईच्या मनात आलं होतं की एकटीनंच गाडी काढावी, मोकळ्या रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटर फिरवावी आणि तो आकडा मागे टाकून यावं. साधी गोष्ट होती. पण बारक्या पायऱ्यांवर बसला होता. तिच्या हातातल्या किल्ल्या बघून म्हणाला, "नवा पट्टा टाकलास ना? मग आता आकड्याला कशाला भितेस? गिरणीतल्या बायकांना सांगू का, की आमच्या ताईला पाढे झपाटतात म्हणून?" तिला हसू आलं आणि लाजही वाटली. तिनं किल्ल्या खिळ्याला अडकवल्या. तेवढं एक तिनं ऐकायला नको होतं.

शुक्रवारी सकाळी गार हवा होती. बारक्या पुढे बसला, मास्तर मागे. तिघांच्या श्वासांनी काचा धूसर होत होत्या आणि ताई मधून मधून फडक्यानं समोरची काच पुसत होती. बारक्या खुशीत होता. शेजाऱ्याच्या नव्या जावयाची गंमत सांगत होता, सासऱ्यापुढे छाप पाडायला शिडीवर चढला आणि तिथंच अडकला ती. मास्तर डोळे मिटून हसत होते.

उतार लागला. पहिलं वळण. दुसरं वळण.

मीटरवर १८४०८७ होतं. ताईनं पाय ब्रेकवर ठेवला. इंजिनाचा आवाज एकसारखा, गोड होता.

तिसऱ्या वळणाची पाटी दिसली.

शेवटचा आकडा हळूच सरकला आणि सातचा आठ झाला.

आवाज थांबला.

फट्‍ नाही, धाड नाही. नुसता थांबला. पायाखालचा ब्रेक दगड झाला. स्टिअरिंग हातात गोठलं. ताईनं अंगातलं सगळं बळ लावून ते ओढलं. कठड्याचे पांढरे दगड समोर आले, खूप जवळ आले. बारक्या बोलायचा थांबला होता. एवढंच तिच्या ध्यानात राहिलं, की तो बोलायचा थांबला.

मग स्टिअरिंग हलकं झालं.

इंजिन चालू होतं. जणू कधी थांबलंच नव्हतं. वळण मागे गेलं होतं. मीटरवर १८४०८९.

तिनं गाडी कडेला घेतली नाही; थांबली तर पुन्हा निघणार नाही असं तिला वाटलं. जरा वेळानं तिनं विचारलं, "गप्प का झालास रे?"

"मी? बोलतोच आहे की." बारक्या हसला. "तर तो जावई म्हणतो, शिडी धरा, मी उडी मारतो."

ताईला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. टळलं. जे काय होतं ते टळलं. परत जाताना मिस्त्रीला सांगायचं, असं तिनं ठरवलं.

मागून मास्तर म्हणाले, "बारक्या मध्येच कुठे उतरला?"

"इथंच आहे मास्तर. पुढे."

"हो का? मला वाटलं, तुम्ही एकट्याच बोलताय."

त्यांना दिसायचं नाही नीट. पण ऐकू चांगलं यायचं. ताईनं तो विचार मनातून ढकलून दिला आणि फडकं उचललं. समोरची काच पुन्हा धूसर झाली होती. तिच्या बाजूची झाली होती, मागच्या दोन्ही झाल्या होत्या. बारक्याच्या बाजूची काच वरपर्यंत बंद होती आणि स्वच्छ होती. पलीकडची झाडं तिच्यातून लख्ख दिसत होती.

तिनं पुढचे दहा किलोमीटर तिकडे पाहिलं नाही.

इस्पितळात नेहमीचाच पलंग होता, खिडकीकडचा. नेहमीच्याच सिस्टरनं हसून बारक्याची बाही वर केली. डायलिसिसच्या माणसाच्या हातात शीर आणि धमनी जोडून एक जागा केलेली असते. तिच्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं थरथरतं. सुई टोचायच्या आधी ते दर वेळी बघतात. सिस्टरनं दोन बोटं ठेवली. जरा सरकवली. पुन्हा ठेवली.

"काल रात्री ह्या हातावर झोपलात का?" तिनं विचारलं.

"छे. राजासारखा उताणा झोपलो."

तिनं स्टेथोस्कोप कानाला लावला. तो मनगटावर ठेवला, मग कोपरावर, मग दंडावर. दुसरा हात घेतला. तिचं हसू कधी गेलं ते ताईला कळलं नाही. सिस्टरनं स्टेथोस्कोप स्वतःच्या छातीवर ठेवून पाहिला, मान हलवली आणि मग बारक्याच्या शर्टाची दोन बटणं काढून आत ठेवला. तिथं ती खूप वेळ वाकून ऐकत राहिली.

ताई पलंगाची दांडी घट्ट धरून उभी होती.

बारक्यानं मान वळवून ताईकडे बघून डोळा मारला, आणि मग सिस्टरला म्हणाला, "तुमचा हात आज किती गरम लागतोय हो."