शेगडीपाशी ठेवलेली बॅटरी

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. आधीच सांगून ठेवतो.

मला, म्हणजे या आम्ब्रोजला, सेंट ओडील गावात सगळे थापाड्या म्हणतात. म्हणोत. पण ही थाप नाही. माझ्या सख्ख्या मावसभावाची, मोइझची गोष्ट आहे. गेल्या हिवाळ्यातली. तळ्याच्या टोकावर त्याचं घर आहे, तिथली. काचांवर इतकं बर्फ धरलंय म्हणून, नाहीतर इथूनच बोट करून दाखवलं असतं.

जरा सरका हो. ही बॅटरी शेगडीपाशी ठेवू द्या.

"आजोबा, खानावळीत कोणी गाडीची बॅटरी घेऊन येतं का?" लाल टोपीवाला हसला. वेंडेल त्याचं नाव. दक्षिणेकडून माल घेऊन आलेले ते तिघे ट्रकवाले, आणि वादळाने रस्ता बंद केलेला.

"आमच्याकडे येतात. गाडीतच ठेवली तर गारठून मरते. या थंडीत आम्ही बायकोला विसरू, बॅटरीला नाही."

"ऐका, ऐका," डेल्फीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली. खानावळ तिची आहे. "पोरांनो, हा जे सांगेल त्यातलं अर्धं सोडून द्या. उरलेल्यातलं अर्धं मला येऊन विचारा." आणि ती मूस हरणाच्या सुपाकडे बघायला आत गेली.

तर, मोइझ.

मोइझच्या मुलीला, क्लोदीनला, दिवस गेले होते. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी काय झालं ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. कळा सुरू झाल्या, आणि त्या सकाळी मोइझची जुनी गाडी सुरूच झाली नाही. दुसऱ्याची गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. मूल रस्त्यातच गेलं.

क्लोदीन बापाला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं मोइझ म्हणायचा.

म्हणून त्याने दुसरी पिकअप घेतली. निळी. कोणी हात लावत नव्हतं अशी.

कारण ती गॅस्पारची होती.

गॅस्पार पलीकडच्या काठावर राहायचा. बर्फ कच्चं झालंय, जाऊ नको, असं सगळे सांगत असताना तो तळ्यावरून घरी निघाला, आणि मध्यावर खाली गेला. जूनमध्ये पाणबुड्यांनी गाडी वर काढली. दारं बंद. काचा बंद. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा लावलेला.

पट्ट्याच्या आत… कोणीच नव्हतं.

बर्फावर गाडी चालवताना आम्ही पट्टा लावत नाही. वेळ आली तर उडी मारता यायला हवी. गॅस्पार लावायचा. "मला शिस्त आहे," म्हणायचा. पोरं हसायची त्याला.

तो अजून सापडलेला नाही.

"आणि तुमच्या भावाने तीच गाडी घेतली?" वेंडेलने विचारलं.

"मोइझ भुताला भीत नव्हता रे. न सुरू होणाऱ्या गाडीला भीत होता."

ऑक्टोबरात तो तयारीला लागला. आधी रेडिएटर रिकामा करायचा. खाली घमेलं ठेवलं आणि बूच काढलं. हिरवं कूलंट यायला हवं होतं.

आलं स्वच्छ पाणी. बर्फासारखं गार.

आणि त्या पाण्यात… बोटाएवढा मासा. जिवंत.

"कोणत्या जातीचा?" वेंडेल.

"व्हाइटफिश. आणि तळून खाल्ला का, असं विचारू नकोस. मांजर लांबूनच वास घेऊन पळालं."

हसले सगळे. मोइझ हसला नव्हता. त्याने घमेलं तळ्यात नेऊन ओतलं, नवं कूलंट भरलं, थंडीचं पातळ तेल घातलं. जाळीपुढे पुठ्ठा बांधला, म्हणजे वारा इंजिनाला झोंबू नये. मागे हौद्यात वाळूची पोती टाकली. सीटमागे घोंगड्या, फावडं, डब्यात मेणबत्ती. एवढं केल्यावर मेलेली गाडीसुद्धा उठून बसेल, असं तो स्वतःच म्हणाला.

म्हणायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा पट्टा लावलेला दिसला. रिकाम्या सीटवर. त्याने काढला.

तिसऱ्या दिवशी… परत लावलेला.

तळ्याच्या त्या टोकावर इंजिन गरम ठेवायला वीज नाही. म्हणून त्याची जुनी पद्धत. संध्याकाळी बॅटरी काढायची, घरात शेगडीपाशी ठेवायची. सकाळी इंजिनाखाली घमेलंभर निखारे सरकवायचे, बॅटरी परत बसवायची, किल्ली फिरवायची. मुलीचा नवरा वर उत्तरेत खाणीत होता. त्यामुळे घरात ही दोघंच.

डिसेंबरातली, सेंट लूसीच्या सणाची संध्याकाळ. चार वाजले आणि काळोख झाला. मोइझने बॅटरी आणून ठेवली आणि बूट काढले. क्लोदीन खिडकीपाशी होती.

"बाबा, गाडीचे दिवे चालू राहिलेत."

"नाहीत."

"अरे, बघ तरी!"

मोइझने बाहेर बघितलं नाही. त्याने खाली, शेगडीपाशी बघितलं.

बॅटरी तिथेच होती. तिच्यावर बर्फ वितळून थेंब जमले होते.

मग त्याने बूट घातले.

बाहेर आवाज म्हणून नव्हता. कुत्रंही नाही. वाराही नाही. इंजिन बंद होतं, आणि दिवे जळत होते. दोन पिवळे झोत सरळ तळ्यावर पडलेले… पलीकडच्या काठाच्या दिशेने.

ताज्या बर्फात पावलं होती ती फक्त मोइझची.

गाडीच्या सगळ्या काचा आतून हिमाने पांढऱ्या झाल्या होत्या. एकच जागा मोकळी होती. ड्रायव्हरच्या बाजूला, तोंडाच्या उंचीवर, वाटीएवढा गोल पुसलेला.

आतून पुसलेला.

मोइझने त्या गोलाला डोळा लावला. आत कोणी नव्हतं. पट्टा मात्र लावलेला होता. आणि ताणलेला… कोणाच्या तरी छातीवरून गेल्यासारखा.

"गॅस्पार?" तो म्हणाला.

दिवे विझले. एकदम नाही. हळूहळू… विचार करत करत.

"काय होतं रे?" क्लोदीनने दारातच विचारलं.

"चांदणं पडलं होतं काचेवर."

"आज चंद्र कुठाय, बाबा?"

त्याने दाराला कडी घातली. त्यानंतर ती संध्याकाळी खिडकीपाशी बसेनाशी झाली.

नव्या वर्षाच्या तोंडावर, एका सकाळी, कळा सुरू झाल्या.

उणे सत्तेचाळीस. थुंकलं तर जमिनीवर पोचायच्या आत कडक व्हावं अशी थंडी. इस्पितळ तीन तासांवर. मोइझने निखारे सरकवले, घोंगड्या गुंडाळल्या, मुलीला जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. किल्ली दोनदा हातातून पडली.

किल्ली फिरवली.

पहिल्याच झटक्यात सुरू!

मोइझ रडला. मला त्यानेच सांगितलं. स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला.

निघाले. थोड्या वेळाने क्लोदीन दाराकडे सरकली. मग अजून सरकली. सीट अखंड, तिघं बसतील अशी. मधली जागा मोकळी.

"बाबा… मधे कोण बसलंय?"

"कोणी नाही, पोरी. तू श्वास घे."

"मग माझा खांदा ओला कसा झाला?"

मोइझने हात लावला. बाही भिजली होती. हाताला वास आला… तळ्याचा.

पुढे फाटा आहे. उजवीकडे पक्का रस्ता. डावीकडे उतार, थेट तळ्यावर. त्या वर्षी बर्फ उशिरा धरलं होतं, अजून कोणी गाडी घातली नव्हती.

फाट्यावर स्टिअरिंग डावीकडे वळलं.

मोइझने दोन्ही हातांनी ओढलं. हलेना. पायाखाली ब्रेक होता, पण नुसता दबत होता. गाडी सावकाश उताराला लागली… घरी निघालेल्या माणसासारखी.

"बाबा!"

मोइझने त्या मोकळ्या जागेकडे बघितलं आणि बोलला. ओरडला नाही. शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलला.

"गॅस्पार, तुला घरी जायचंय, कळतंय मला. मी सोडतो तुला पलीकडे. बर्फ पक्कं झालं की या गाडीतूनच नेऊन सोडतो. शब्द देतो. पण हिला नको रे. हिचं एक गेलंय."

काही वेळ काहीच झालं नाही.

मग हाताखालचं स्टिअरिंग सैल पडलं.

दुपारच्या आत मुलगी झाली. रडणारी, लालबुंद, धडधाकट. नर्सने मोइझच्या हातात दिली तेव्हा त्याला धरताच येईना.

गाडी खाली तशीच सुरू ठेवलेली. तो खाली आला, किल्ली बंद केली, आणि सवयीप्रमाणे बॅटरी आत न्यायला बॉनेट उघडलं.

जागा रिकामी होती. दोन तारा लोंबकळत होत्या.

दुपारी मला फोन आला. "आम्ब्रोज, माझ्या घरी जा. शेगडीपाशी काय आहे ते सांग."

मी गेलो. या डोळ्यांनी बघितलं.

बॅटरी. तिच्यावर क्लोदीनची किटली.

घाईत विसरला होता तो. आयुष्यात पहिल्यांदा.

"एकदा सुरू झालेली गाडी बॅटरीशिवाय चालते कधी कधी," वेंडेल म्हणाला. पण आवाज खाली आला होता.

"चालते ना. सुरू कशाने झाली तेवढं सांग."

त्याने टोपी काढून हातात धरली. शेगडीत लाकूड तडकलं तर एकजण दचकला.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते दिवे लागायचे. तळ्याकडे तोंड करून. वाट बघत. क्लोदीन बाळाला घेऊन नवऱ्याकडे निघून गेली, ती परत आली नाही.

मग शेवट काय झाला, विचारा.

मोइझने शब्द पाळला. मार्च सरायच्या आत निळी गाडी तळ्यावर घातली. मध्यावर गेल्यावर गिअरमध्ये ठेवून स्वतः खाली उतरला. आणि गाडी पुढे गेली. एकटी. पट्टा लावून. पलीकडच्या काठाशी पोचली, दिवे एकदा मिचकावले… आणि बर्फ उघडलं. गाडी तळाला गेली. गॅस्पार घरी पोचला. वचन फिटलं. आता काही भीती नाही. कोणालाच नाही. गोष्ट संपली.

"कोणती गाडी तळाला गेली?"

डेल्फीन सुपाचं पातेलं घेऊन माझ्या मागे उभी होती.

"मोइझची निळी," मी म्हणालो. "तू सूप वाढ."

"खोटारड्या! मोइझने तळ्यावर पाऊलसुद्धा ठेवलं नाही. ईस्टरच्या आधीच घाबरून बहिणीकडे पळाला, आणि ती ब्याद तुझ्या गळ्यात घालून गेला. अख्ख्या गावाला माहितेय. आज तू तिच्यातूनच आलास की!"

"डेल्फीन, सूप…"

तिने पातेलं टेबलावर ठेवलं, खिडकीपाशी गेली, आणि काचेवरच्या बर्फाला एप्रनचं टोक लावून घासायला लागली. वाटीएवढा गोल. आतून.

"ही काय, समोरच उभी आहे. म्हणे तळाला! आणि दिवे तसेच चालू ठेवून आलास, वेंधळ्या. सगळं तळं उजळलंय. बॅटरी उतरेल ना!"

वेंडेलने बाहेर बघितलं नाही.

तो माझ्या पायाशी, शेगडीजवळच्या बॅटरीकडे बघत होता.