दीड अंशाची ऊब

ही गावगप्पा नाही. औलिस माझा शेजारी. त्या गुरुवारी काय घडलं ते त्याने माझ्या स्वयंपाकघरात बसून, कॉफी पार गार होईपर्यंत सांगितलं. देवाला स्मरून सांगतो, यात पदरचं काही नाही.

फिनलंडमधलं रौताकोर्पी. जानेवारी. दुपारचे पावणेदोन.

हो, भरदुपारी...

औलिस रस्ते सांभाळणाऱ्या कंत्राटदाराकडे कामाला. कुठला रस्ता किती गार, ते आकडे त्याच्यासमोर पडद्यावर यायचे. रस्ता शून्याखाली गेला की बर्फ धरू नये म्हणून मिठाचा ट्रक धाडायचा. काम एवढंसं, पण त्यावर माणसं सुखरूप घरी पोचायची.

कारखान्याच्या रस्त्याला मात्र दुपारी मीठ लागत नसे. दोनच्या पाळीच्या दोनशे गाड्या तो चढ चढायच्या. टायरांची घासण, इंजिनांची ऊब... रस्ता बरोबर दीड अंशाने तापायचा.

"कारखाना आपला रस्ता आपणच शेकतो," सगळे हसून म्हणायचे.

मग कागदाचा तो कारखाना बंद पडला. कामावरून काढल्याची पत्रं आली, तीही तिथल्याच कागदावर.

त्या दुपारी धाकट्या भावाचा, उर्होचा फोन आला. त्याचीही नोकरी तिथलीच गेली होती.

"दादा, निघालो."

"कुठे? कारखान्याला कुलूप आहे."

"कुलूपच बघायला! गुरुवार आहे ना, गुरुवारचं ठरलेलं वाटाण्याचं सूप घेतलंय डब्यात."

"घरी बसून पी की, वेड्या."

"घरी बायको तोंडाकडे बघत बसते रे. फाटकाशी दहा मिनिटं बसतो नि येतो."

तीन महिने त्याचं हे रोजचंच.

सकाळचा पाऊस थांबला होता. पारा उतरत होता. कारखान्याचा रस्ता... उणे एक पूर्णांक एक दशांश.

मिठाच्या ट्रकवरून हिल्का वायरलेसवर ओरडली, "औलिसदादा, लवकर बोला! शाळेचा रस्ता की कारखान्याचा? दोन्ही व्हायचे नाहीत. पोरं सुटतील आता!"

औलिस म्हणणारच होता, कारखान्याचा.

इतक्यात आकडा हलला...

उणे अर्धा.

शून्य.

शून्याच्या वर, चार दशांश.

कॅमेऱ्यात उर्होची जुनी निळी गाडी तेवढी चढून गेली. मागे रस्ता रिकामा. एका गाडीने रस्ता तापत नाही, हे औलिसला ठाऊक होतं.

"औलिसदादा? झोपलात का?"

"शाळेकडे जा. कारखान्याचा रस्ता उबदार आहे."

तीस वर्षांची सवय बोलली.

अर्ध्या तासाने उर्हो सापडला. उताराखाली, बर्चच्या झाडांत घुसलेल्या गाडीत. डबा उघडलेलाही नव्हता. सूप अजून गरम होतं... उर्हो मात्र गार.

औलिस धावत तिथे गेला. चढायच्या बाजूला दोन काळे, कोरडे पट्टे. शेकडो चाकं गेल्यासारखे. थेट कुलूपबंद फाटकापर्यंत.

उतरायची बाजू मात्र सगळी बर्फाची काच.

तापमापक पुरलेला होता चढायच्या बाजूला. चढून गेले ते सगळे कामाला गेले. परत येणारा एकटा उर्हो.

चौकशीला आलेल्या साहेबाने तापमापक उकरून तपासला.

"ठणठणीत आहे. दोनशे गाड्या गेल्याशिवाय एवढा चढत नाही."

"गाड्या नव्हत्या, साहेब."

साहेबाने वही मिटली.

चर्चमध्ये उर्होसाठी स्तोत्र सुरू झालं. औलिसचा आवाज खडा, सगळं गाव त्याच्या मागून गायचं. त्या दिवशी स्तोत्र संपण्याआधीच तो उठला नि मिठाच्या ट्रककडे गेला.

आता त्या रस्त्यावर रोज मीठ पडतं. दोन्ही बाजूंना. जायला कोणी नाही, तरी.

पावणेदोनला आकडा अजून चढतो. मी एकदा औलिसशेजारी बसून पाहिलं, त्यानंतर त्याच्या त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही.

तीस वर्षं दीड अंश. त्या गुरुवारीही बरोबर दीडच.

उर्हो गेल्यापासून आकडा दीडने चढून थांबत नाही. जरासा वर जातो...

एका गाडीइतका.