उघडं झाकण

रोझलिंड पेटिफरने पहाटे पाच वाजता पलंगावरून पाय खाली ठेवले, ते थेट कालव्यात.

पाणी घोट्याच्या वर होतं आणि चढत होतं. तिने आरडाओरडा केला नाही. एकतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढल्यावर माणसाचा आवाज ठरावीक पट्टीच्या वर जात नाही. तिने भिंतीवर लाटणं आपटलं. शेजारच्या बोटीवरचा डेझमंड यारवुड ते ऐकून धावला, आत शिरला आणि तिला दंडाला धरून काठावर आणलं. साडेपाचला बोट कालव्याच्या तळाला टेकली. छप्पर, त्यावरच्या जिरॅनियमच्या दोन कुंड्या आणि ‘कॉन्स्टन्स’ ही रंगवलेली अक्षरं, एवढंच पाण्याबाहेर राहिलं.

चौथ्या दिवशी विमा कंपनीचा तपासनीस क्लेमंट हॅडो हेझलफर्डला पोचला. क्रेनने बोट नुकतीच उचलून काठावरच्या कुरणात लाकडी ओंडक्यांवर ठेवली होती. दारातून, खिडक्यांतून, कुठून कुठून पाणी गळत होतं. काठावर अकरा बोटी बांधलेल्या होत्या आणि त्यांतले जवळजवळ सगळे चहाचे मग घेऊन जमले होते. फुकटचा तमाशा आणि ढगाळ हवा, इंग्लंडात याहून जास्त काही मागू नये.

कारण केव्हाच ठरलं होतं. कालव्यातल्या या लांब, अरुंद नॅरोबोटींच्या शेपटाकडे, पाण्यातल्या पंख्याच्या बरोबर वर, एक उभा लोखंडी डबा असतो. पंख्यात गवत नाहीतर प्लॅस्टिक अडकलं की डब्याचं झाकण उघडायचं, हात घालून ते काढायचं आणि झाकण पुन्हा आवळायचं. नवशिके हे शेवटचं काम विसरतात. मग पंखा फिरला की पाणी डब्यातून वर उसळतं आणि इंजिनाचा खड्डा भरतो. दर वर्षी दोन-चार बोटी अशा बुडतात. जुने लोक हळहळतात आणि मनातून सुखावतात.

हॅडोच्या खिशात छापील फॉर्म होता. कार्यालयाने बजावून पाठवलं होतं, प्रकरण साधं आहे, बाईंची सही घ्या. “डब्याचं झाकण लावायचं माझ्याकडून राहिलं.” एवढं कबूल केलं की अपघात म्हणून पूर्ण रक्कम. रोझलिंडची सगळी पुंजी त्या बोटीत होती. घर विकून, बहिणीचा विरोध पत्करून मार्चमध्ये तिने ती घेतली होती. ती रक्कम मिळाली तर पुन्हा एक बोट मिळणार होती. नाहीतर बहिणीकडची अडगळीची खोली होतीच.

रोझलिंडने फॉर्म वाचला, घडी घातली आणि परत दिला.

“मी ते झाकण उघडलंच नाही,” ती म्हणाली. “उघडलं नाही ते लावायला विसरू कशी?”

“बाई, अशी विसरणारी सगळीच माणसं हेच म्हणतात.”

“तुम्ही पाहिलंत का आत?”

हॅडोने पाहिलं नव्हतं. निवृत्तीला चौदा महिने उरलेल्या, गुडघे गेलेल्या माणसाकडून ती अपेक्षा कुणी ठेवत नाही. पण प्रश्न ग्रंथपालाच्या आवाजात विचारला गेला होता. तो निमूटपणे शिडी चढला.

इंजिनाच्या खड्ड्यात कालव्याचा करडा गाळ बसला होता. इंजिनावर, बॅटऱ्यांवर, तळफळीवर, सगळीकडे बोटाच्या पेराएवढा सारखा थर. डबा उघडा होता. झाकण शेजारच्या फळीवर पडलं होतं. हॅडोने त्याचे फोटो काढले, मग ते उचललं, खालची फळी पाहिली आणि पुन्हा जसंच्या तसं ठेवलं.

खाली उतरून त्याने आणखी वेडेपणा केला. कोट काढला आणि बोटीखाली सरपटत शिरला. काठावरून कुणीतरी हसलं. वर अठरा टन लोखंड होतं. बोटीच्या पोटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंपले चिकटले होते, दाट, एकसलग, वर्षानुवर्षांचे. तो वीस मिनिटं आत होता. बाहेर आला तेव्हा त्याची एक बाही कोपरापर्यंत भिजली होती आणि कारणाबद्दल त्याचं कुणाशीच एकमत नव्हतं.

चौकशी त्याने ग्लेनिस ओक्सपासून सुरू केली. ती पलीकडच्या बोटीवर एकोणीस वर्षं राहत होती आणि रोझलिंड आल्यापासून तिच्याशी नीट बोललेली नव्हती. रोझलिंडची बोट बांधायची जागा ग्लेनिसला भाच्यासाठी हवी होती. हे तिने स्वतःच सांगितलं, लपवलं नाही.

त्या रात्री काही वेगळं घडलं का, असं हॅडोने विचारलं. ग्लेनिस म्हणाली, काही नाही, पाणी उतरलं होतं एवढंच. खालच्या लॉकचं, कालव्याचं पाणी अडवणारं दार कुणा मूर्खाने नीट लावलं नव्हतं. रात्रीतून दीड फूट पाणी गेलं, सगळ्या बोटी तळाला टेकून कलल्या, तिच्या आईची किटली फुटली. पहाटे पाणी पुन्हा चढलं.

“आणि झाकण उघडं असल्याचं कधी कळलं?”

“दुसऱ्या दिवशी दुपारी. डेझमंड तिचा चष्मा शोधायला परत पाण्यात उतरला. थंडी मी म्हणत होती. वर आला तो म्हणाला, झाकण हाताला लागलं, उघडं आहे. मग काय, कळलंच सगळं.” तिने चहा संपवला. “पुस्तकं वाचून बोट चालवता येत नाही, साहेब. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.”

“तिच्या तोंडावर?”

“मागे कशाला बोलू?”

डेझमंड यारवुड पाऊणशे वर्षांचा, विधुर, काठावरचा सगळ्यात जुना माणूस. बोटींच्या तळाची तपासणी करण्यात त्याची हयात गेली होती. हेझलफर्डला बोट घ्यायची तर यारवुडची सही लागायची, जशी लग्नाला पाद्र्याची. रोझलिंडची बोटही त्यानेच तपासली होती, निम्म्या पैशात. तो कागद हॅडोकडे होता. बोट क्रेनने बाहेर काढली, तळाचं डांबर बासष्ट ठिकाणी खरवडून पत्र्याची जाडी मोजली, कुठेही पाच मिलिमीटरच्या खाली नाही, असं त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

हॅडोने त्याला दोनच प्रश्न विचारले.

“झाकण तुम्ही हलवलंत का?”

“छे. हाताला लागलं तसंच राहू दिलं. पुराव्याला हात लावू नये, एवढं समजतं मला.”

“बंद इंजिन असताना, नुसत्या उघड्या झाकणाने बोट बुडते का?”

डेझमंडने पाइप झटकला. म्हणाला, पोरीने संध्याकाळी बॅटऱ्यांसाठी इंजिन लावलं असणार, गियर काढायचा राहिला असणार. नवीन माणसं म्हटल्यावर व्हायचंच. तिच्यावर फार कडक होऊ नका, सहीचं काय ते उरकून टाका, बिचारीला पैसे मिळू देत.

रोझलिंडने इंजिन लावलं होतं, चार ते पाच. सात वाजता तिने कोरड्या स्वयंपाकघरात अंडी उकडली, दहाला कोरड्या पलंगावर झोपली.

हॅडोने तिला कुंपणापाशी बाजूला घेतलं.

“बाई, बोट कशी बुडाली ते मला कळलंय. तुमची चूक नाही.” त्याने तो छापील फॉर्म पुन्हा बाहेर काढला. “पण खरं कारण लिहिलं तर कंपनी एक पैसा देणार नाही. विसरणं हा अपघात धरतात. हा अपघात नाही.”

“आणि सही केली तर?”

“पूर्ण रक्कम. माझे गुडघे खराब आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी बोटीखाली वाकलोच नाही, असंही होऊ शकतं.”

चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याने असं कधी कुणाला म्हटलं नव्हतं. रोझलिंडने कॉन्स्टन्सकडे पाहिलं. पडदे खिडकीतून बाहेर लोंबत होते.

“तीन दिवस हे लोक मला समजावतायत,” ती म्हणाली. “मायेने. ग्लेनिससुद्धा. आज मलाच वाटायला लागलं की मी रात्री उठून ते उघडलं असेन. सांगा तुम्ही. सगळ्यांसमोर सांगा.”

हॅडोने शिडीला टेकून उभं राहून सांगितलं. आवाज चढवायची गरज पडली नाही.

“या डब्याचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वीतभर वर असतं. काठाला बांधलेल्या बोटीत, इंजिन बंद असताना, झाकण महिनाभर उघडं ठेवा, थेंब आत येणार नाही. तुम्हा सगळ्यांना हे माहीत आहे. पण बाई नवीन, त्यामुळे कुणी विचारच केला नाही.

“आता झाकण. बोट बुडाली, गढूळ पाणी आत आलं, गाळ हळूहळू खाली बसला. झाकण आधीपासून फळीवर पडलेलं असतं, तर गाळ त्याच्यावर बसला असता आणि त्याच्या खालची फळी स्वच्छ राहिली असती. मी ते उचलून पाहिलं. खाली फळीवर तोच थर आहे, पेरभर, दाबलेला. वर नावालाच धूळ. म्हणजे आधी बोट बुडाली, मग गाळ बसला, मग झाकण उघडलं. बुडाल्यानंतर आत दोनदा एकच माणूस गेला. पहिल्यांदा बाईंना काढायला. दुसऱ्यांदा, गाळ बसल्यावर, चष्म्यासाठी.”

लोकांच्या हातातले चहाचे मग हलायचे थांबले.

“मग बुडाली कशाने? पाणी उतरलं तेव्हा सगळ्या बोटी तळाला टेकल्या. कॉन्स्टन्सखाली एक दगड आला. सहा मिलिमीटरच्या पत्र्याला पोचा आला असता. इथे अंगठा जाईल एवढं भोक पडलं. कडेला पत्रा मोजला, दीड मिलिमीटर. बिस्किटाच्या डब्याचा पत्राच म्हणा. पहाटे पाणी चढलं आणि आत आलं.

“मार्चमध्ये हा पत्रा पाच मिलिमीटर होता म्हणे. बासष्ट ठिकाणी खरवडून मोजलेला. खरवडलं तर शिंपले निघतात, आणि सहा महिन्यांत तिथे दाट थर पुन्हा येत नाही. या तळावर नखाएवढीही मोकळी जागा नाही. ही बोट पाण्याबाहेर निघालीच नव्हती. यारवुड, तुम्ही तपासणी केलीच नाहीत.”

डेझमंडने नाकारलं नाही. तो ओंडक्यावर बसला, गुडघ्यावर हात ठेवून.

“झाकण मी तिच्यासाठी उघडलं,” तो म्हणाला. “गंजाचे पैसे मिळत नाहीत. चुकीचे मिळतात. चार दिवस हसले असते लोक, पण नवीन बोट आली असती तिला.”

“आणि मार्चमध्ये?” रोझलिंडने विचारलं.

“क्रेनला तीन आठवडे थांबावं लागलं असतं. तू शुक्रवारी दुसऱ्या कालव्यावर दुसरी बोट पाहायला जाणार होतीस.” त्याने मान वर केली नाही. “बायको गेल्यापासून शेजारच्या त्या जागेवर कुणी बोलणारं नव्हतं. वाटलं, अजून पाचएक वर्षं काढेल पत्रा.”

“दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायचास.”

“हो.”

“त्या पत्र्यावर बसून. पुदिन्याची चटणी मागून घ्यायचास.”

“दर वेळी जमिनीकडे लक्ष असायचं माझं.”

“मी त्या जमिनीवर झोपत होते, डेझमंड.”

इतके दिवस रोझलिंडला सल्ले देणाऱ्या त्या मंडळींची तोंडं आता आपापल्या बोटींकडे वळली होती. ग्लेनिस दोन पावलं पुढे आली. तिचा आवाज एकाएकी खाली उतरला होता.

“डेझमंड, माझी तू मागच्या वर्षी केलीस. नोव्हेंबरात. बर्फ पडत होता तेव्हा.” ती घुटमळली. “बाहेर काढली होतीस ना रे?”

डेझमंड पाण्याकडे पाहत राहिला. ग्लेनिसने हातातला मग खाली ठेवला आणि आपल्या बोटीकडे चालू लागली. मग दुसरा कुणी गेला, मग तिसरा. कुणाच्या तरी बोटीवर पंप सुरू झाल्याचा आवाज आला. रोझलिंडला मात्र कुणी काही म्हटलं नाही, ना सॉरी, ना आणखी काही. तिनेच सगळ्यांची झोप उडवली, असा भाव पुढे महिनाभर त्या काठावर होता, असं हॅडोला नंतर कळलं.

स्टेशनपर्यंत सोडायला त्याने तिला गाडीत घेतलं. तिच्याजवळ एक पिशवी होती. त्याने स्टिअरिंगवर ठेवून अहवाल भरला. कारण, गंज. दावा, नामंजूर. कंपनीच्या अटींचा क्रमांक. तिने विचारलं, माझी चूक नव्हती हे यात कुठे येतं?

त्याने कागद उलटसुलट केला. तसा रकाना नव्हता. चौतीस वर्षांत कुणी मागितलाच नव्हता. मग त्याने तळाशी समासात, शिक्क्यासाठी सोडलेल्या जागेत लिहिलं, “बाईंनी झाकण उघडलं नव्हतं.”

तिने ते वाक्य वाचलं. पेन मागून घेतलं आणि ‘बाईंनी’ खोडून वर लिहिलं, ‘रोझलिंड पेटिफर यांनी’.

“आता कुठे करू सही?” तिने विचारलं.