कुबड्याच्या ढिगावरचा दगड

अकरावी सायन्सच्या ॲडमिशनचा शेवटचा दिवस. जळगावला बाराच्या आत पोचायचं होतं, आणि मी सगळं एकटीने करणार होते. दहावीला ब्याण्णव टक्के पाडलेत, सोबत कशाला हवी? दीपमालाआत्या कॉलेजच्या गेटवर भेटणार होती. पुढची दोन वर्षं जळगावातच, पिंप्राळ्यात तिच्याकडे राहायचं होतं.

आमच्या गावाशेजारी कुबड्या डोंगर आहे. डोंगर कसला, बसलेल्या म्हशीसारखा. भोवती चार गावं. बाहेर राहायला जाणाऱ्याने आपल्या उंबऱ्याजवळचा दगड, त्यावर नाव लिहून, कुबड्याच्या पायथ्याच्या ढिगावर ठेवायचा, ही रीत. मी नेमका घरी विसरले. मग ढिगावरचा आत्याचाच दगड उचलला. तोही आमच्याच दारातला ना? तिचं नाव स्कूटीच्या किल्लीने खरवडलं आणि मार्करने लिहिलं, ज्योती.

बोदवड स्टेशनचा रस्ता सरळ आहे. पंधरा मिनिटं कपाशी, मग बाभळी, आणि समोर तोच ढीग. शेळ्या राखणारे उखर्डूनाना बिडी ओढत बसले होते.

“काय वं, परत उनी?” ते हसले.

“रस्ता चुकले, नाना.”

याच रस्त्याने मी पाच वर्षं शाळेत गेले होते.

दुसऱ्यांदा एकही वळण घेतलं नाही. कुबड्या उजव्या हातालाच राहिला. लांब गेला नाही, जवळही आला नाही. ऊन तापलं होतं, पण वारा नव्हता. पाखरूही ओरडत नव्हतं. मग बाभळी. मग ढीग. दहाची गाडी होती आणि सव्वानऊ झाले होते.

या वेळी नाना हसले नाहीत.

“तो दगड तुना नई शे.”

घरचा रस्ता मात्र लगेच सापडला. उंबऱ्याजवळचा दगड आणला, नाव घालून ठेवला. आधीचा नाल्यात भिरकावला. दहा मिनिटांत बोदवड स्टेशन.

पावणेबाराला ॲडमिशन झालं. एकटीने! आत्या गेटवर नव्हती. फोन लावला.

“अगं, केव्हाची रिक्षात बसलेय,” ती म्हणाली. “आणि उजवीकडे आपला कुबड्या दिसतोय.”

पिंप्राळ्यापासून कुबड्या पन्नास किलोमीटर आहे.

“आत्या, उतर. नाना असतील तिथे.”

“उतरले. समोरच बसलेत.” तिचा आवाज बारीक झाला.

“ज्योती, ते मला विचारताहेत, तू कोनी पोर शे?”