प्रमाण व्यक्ती

दर महिन्याच्या चार तारखेला सकाळी दहा वाजता कुमुद शेजवळ मापनशाळेतल्या ठरलेल्या खुर्चीत बसत. कपाळावर पातळ पट्टी बांधली जाई, समोर पाच मिनिटं समुद्राचं तेच दृश्य दिसे आणि मग पडद्यावर आकडा उमटे: पन्नास. तो उमटायचाच, कारण पन्नास म्हणजे किती, हे कुमुदताईंवरूनच ठरत होतं.

समाधानमापक हे यंत्र मेंदूतल्या लहरींवरून माणूस किती समाधानी आहे ते सांगत असे. पण समाधान मोजायला सुरुवात कुठून करायची? तापमान मोजताना पाणी गोठतं, उकळतं ते आधाराला धरता येतं, तसं तिथे काही नाही. म्हणून सात वर्षांपूर्वी संस्थेने बाराशे जणांमधून ही शांत, स्थिर स्वभावाची बाई निवडली आणि तिला ‘प्रमाण व्यक्ती’ म्हटलं. दर महिन्याला मुख्य यंत्र तिच्यावर जुळवायचं आणि दुसऱ्या दिवसापासून राज्यभरातली यंत्रं त्याबरहुकूम चालायची. नियम एकच, पण कडक: प्रमाण व्यक्तीशी खासगी बोलायचं नाही. माप बिघडेल म्हणून. शहाण्या माणसांनी केलेला हा नियम होता, हे सांगायला आज लाज वाटते.

त्या चार तारखेला संस्थेतल्या शास्त्रज्ञ डॉ. वासंती उकिडवे यांच्यापुढे एक अहवाल सहीसाठी पडला होता. चाळीस वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका कंपनीने तो मागवला होता. दोन वर्षांत रहिवाशांचं समाधान बावन्नवरून अठ्ठावन्नवर गेलं होतं. तेव्हा रात्रपाळीच्या निम्म्या सेविका कमी करायला हरकत नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. सही संध्याकाळपर्यंत हवी होती.

“सर, ही वाढ मला पटत नाही,” त्या संचालक डॉ. श्रीरंग बोडस यांना म्हणाल्या.

“यंत्र चुकलंय?”

“यंत्र विश्वसनीय आहे. एकाच आजोबांना दहादा मोजा, दहादा तोच आकडा येतो. पण दर वेळी तेच उत्तर देणं वेगळं आणि आपल्याला हवं तेच मोजणं वेगळं. हा आलेख बघा. दोन वर्षांपूर्वी पाच जुलैला एकदम अकराची उडी. मग हळूहळू पाचांची घसरण.”

“तेव्हा त्यांनी जेवण सुधारलं होतं ना?”

“नागपूरकडच्या आश्रमांत ते चार महिन्यांनी सुधारलं. उडी मात्र तिथेही पाच जुलैलाच. तीन हजार म्हातारी माणसं ठरवून एका सकाळी सुखी होतात होय?”

बोडसांनी आलेखावरच्या तारखेवर बोट ठेवलं. आदल्या दिवशी, चार तारखेला, काय असतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

“वितीने टेबल मोजायचं आणि वीतच आखडली, तर टेबल लांब भरतं,” उकिडवे म्हणाल्या.

“पण वासंतीबाई, ती बाई सात वर्षांत एकदाही पन्नासच्या खाली गेलेली नाही.”

“जाईल कशी? ती कुठेही गेली तरी आपण तिथेच पन्नास लिहितो!”

त्या अहवाल घेऊन तडक मापनकक्षात गेल्या. आत कुमुदताई पट्टी बांधून घेऊन बसल्या होत्या. उकिडवेंनी दार लावलं आणि नियम मोडला.

“कुमुदताई, दोन वर्षांपूर्वी, जुलैच्या सुमाराला, घरी काही झालं होतं का?”

“बोललं तर चालतं का, मॅडम?”

“आज चालतं.”

“हे गेले. अठ्ठावीस जूनला. दिवसही झाले नव्हते, पण मी चार तारखेचा खाडा केला नाही.”

“आम्हाला सांगितलं नाहीत?”

“कुणी विचारलंच नाही. आणि दर वेळी पडद्यावर पन्नास यायचे. घरी जीव नकोसा व्हायचा, पण म्हटलं, एवढं मोठं यंत्र सांगतंय तर मी सावरलेच असणार. लेक तिच्याकडे राहायला बोलावत होती. तिलाही सांगितलं, मी बरी आहे, नको.”

उकिडवे यंत्रापाशी गेल्या. त्यांनी यंत्रावर दोन वर्षांपूर्वीची, जूनमधली जुळणी चढवली आणि कुमुदताईंना पुन्हा मोजलं. एकोणचाळीस. अकरा अंक तेव्हा गेले होते, त्यातला एकही परत आला नव्हता. आता उरलं साधं गणित. अठ्ठावन्नमधून अकरा वजा केले की सत्तेचाळीस. वृद्धाश्रमातली माणसं सहा अंकांनी सुखावली नव्हती, ती पाच अंकांनी खचली होती. उकिडवेंनी अहवालातला आकडा खोडून सत्तेचाळीस लिहिलं, खाली ‘सेविका कमी करू नयेत’ असं लिहिलं आणि मग सही केली.

“किती आले?” कुमुदताईंनी विचारलं.

“एकोणचाळीस.”

त्या पडद्याकडे वळल्या. “म्हणजे मला वाटत होतं, ते खरं होतं?”

“खरं होतं, ताई.”

कुमुदताईंनी कपाळावरची पट्टी स्वतःच सोडून मांडीवर ठेवली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या मोकळेपणी रडल्या.