पाकोळीची चार बोटं

"थांबा! आत जीव हायत!" करुणा ओरडत कालव्याच्या काठानं धावत सुटली. मागून तिचा धाकटा भाऊ बुद्धभूषण आणि मैत्रीण वृषाली.

१९९४ची मे महिन्याची सुट्टी. तिघं रोज लासुर्ण्याच्या जुन्या पुलाशी पोहायला यायची. पुलाच्या पोटाला पाकोळ्यांची घरटी होती. आज पाकोळ्या घरट्यांत न शिरता नुसत्या किंचाळत घिरट्या घालत होत्या! का? तर गवंडी पुलाला गिलावा करत होते. निम्मी घरटी लिंपूनही झाली होती.

मुकादम सोपानतात्या वैतागले. "अगं, भिंगऱ्यांची घरटी ही! भिंगऱ्या उन्हाळ्यात उत्तरेला जात्यात. सगळी रिकामी हायत, कालव्याच्या साहेबांनीच सांगितलंय."

"साहेबांनी मान वर करून बघितलं तरी का?" वृषाली फणकारली.

"ह्या पाकोळ्या हायत, तात्या," करुणा म्हणाली. शाळेतलं पक्ष्यांचं पुस्तक तिनं दोनदा वाचलं होतं. "भिंगरी चिमणीच्या गणातली. पाकोळीचा गणच न्यारा! शास्त्रातल्या तिच्या नावाचा अर्थच 'बिनपायाची'."

"उडत्यात तर सारख्याच!"

"पाय बघा की!" बुद्धभूषणनं खाली पडलेली पाकोळी ओंजळीत आणली. "चारी बोटं पुढं. भिंगरी तारेवर बसती, हिला जमत न्हाय. बसवा बरं त्या गजावर!"

तात्यांनी बसवली. घसरली. पुन्हा बसवली, पुन्हा घसरली! शेवटी त्यांच्या सदऱ्यात नखं रुतवून ती लटकून राहिली.

"ह्या बारा महिने हितंच असत्यात," करुणाला रडू फुटलं. "आत पिल्लं हायत. हात जोडते, कान तर लावा!"

तात्या शिडी चढले. ओल्या गिलाव्याला कान लावताच आतली चिवचिव ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"काम बंद! फोडा रं गिलावा, हातानं फोडा!"

ओल्या भागातली पिल्लं जिवंत निघाली. सकाळी लिंपलेल्या भागात मात्र काहीच हललं नाही. एका घरट्यात आई पिल्लांवर पंख पसरून मेली होती. वृषालीनं मेलेली सगळी गवतावर ठेवली. फार वाईट दिसत होतं ते.

"शाबास, पोरांनो! तुमच्यामुळं निम्म्याहून जास्त वाचली," तात्या म्हणाले.

"शाबासकी नको, तात्या," करुणानं डोळे पुसले. "साहेबांना हितं आणा. तवर आमी ह्यांना पुरणार न्हाय."

तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल पिल्लांवर पांघरला आणि सायकल काढली.