पहिलं उत्तर

लातूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली, तेव्हा मिहिरनं रीतसर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. आपल्याकडे या रुमालाला खरेदीखताइतका मान आहे. पण गर्दीतून रेटत तो आत पोचला, तर त्या जागेवर एक मुलगी बसलेली. निळी ओढणी, मांडीवर जड पिशवी, आणि त्याच्याच रुमालानं ती वारा घेत होती.

"तो... रुमाल..."

"तुमचा आहे? मग उठते की मी."

"बसा, बसा. चालतंय."

"चालतंय कसं? नांदेडपर्यंत उभे राहणार?"

"लई लांब न्हाई."

तीन तास लागतात. अहमदपूरला शेजारची जागा रिकामी झाली, तोवर हा माणूस खांबाला धरून हसऱ्या चेहऱ्यानं उभा होता. उतरताना तिनं रुमाल घडी घालून परत दिला. त्याला मोगऱ्याचा वगैरे नाही, शेंगदाण्यांचा वास येत होता. प्रेमात पडायला तेवढा पुरतो.

मिहिर नांदेडच्या एका पतसंस्थेत वसुलीला होता. कर्मचाऱ्यांचं कामात मन लागत नाही, अशी तिथले मॅनेजर वीरभद्र यांची जुनी तक्रार. त्यावर त्यांनी आधी हास्यक्लब काढला, मग वास्तुशास्त्राप्रमाणे पाण्याचा माठ हलवला. आता लातूरहून आवड-चाचणी घेणाऱ्या देविका मॅडम बोलावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मिहिर चाचणीला आत गेला, तर समोर — निळी ओढणी.

"या, रुमालवाले," देविका म्हणाली.

चाचणी सोपी होती. पिशवीत कार्डं, प्रत्येकावर एकेक काम. टेबलावर तीन डबे : आवडतं, आवडत नाही, सांगता येत नाही.

"विचार करत बसायचं नाही," ती म्हणाली. "पहिलं उत्तरच धरतात. विचार करून दिलेलं उत्तर आपलं नसतं, घरच्यांचं असतं."

मिहिरनं सगळी कार्डं तिसऱ्या डब्यात टाकली.

"अहो, काहीच आवडत नाही?"

"तसं न्हाई मॅडम. सगळंच चालतंय."

"चहा घेता की कॉफी?"

"काहीबी."

"तुम्हाला ना," ती डोळे बारीक करून म्हणाली, "घासून-पुसून बघायला लागेल."

मग ती दर शनिवारी येत राहिली. चाचणीनंतर माणसांशी बोलायचं, हेही तिच्या कामातच होतं. फक्त मिहिरशी बोलणं स्टँडवरच्या जिलानीचाचांच्या हॉटेलात व्हायचं, आणि तिची लातूरची गाडी हमखास चुकायची. बोलता बोलता तिनं शोधून काढलं, की वसुलीला गेल्यावर हा कर्ज बाजूला ठेवून लक्ष्मीबाईंसारख्या कर्जदारांना व्याज कसं लागतं ते तासभर समजावत बसतो.

"तेव्हा कंटाळा येतो?"

"तेव्हा... न्हाई."

"मग हेच की आवडतं तुम्हाला! समजावून सांगणं!"

तिनं वीरभद्रांना पटवून त्याला वसुलीतून काउंटरवर आणलं. मिहिर शीळ घालत कामावर येऊ लागला. वीरभद्रांनी याचं श्रेय माठाला दिलं.

"आता कॉफी सांगा," एका शनिवारी देविका म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं मला कॉफी..."

"चहा आला की तुमचं तोंड बघावं लागतं."

तो लाजला. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"एक विचारू? घरी एक स्थळ आलंय. पुण्याचं. चांगली माणसं आहेत. बाबा हो म्हणून राहिलेत... तुम्हाला काय वाटतं?"

काउंटरवर दिवसभर समजावून सांगणारा मिहिर. त्याच्या तोंडून सवयीनं जे नेहमी बाहेर पडायचं तेच पडलं.

"चांगली माणसं असली तर... चालतंय की."

देविकानं ओढणीचं टोक बोटातून सोडलं. त्या दिवशी तिची गाडी चुकली नाही.

जाताना कार्डांची पिशवी ती विसरली. रविवारी मिहिरनं ती घरी उघडली, घरातलेच तीन डबे मांडून कार्डं वडिलांपुढे ठेवली. आई, कुसुमबाई, गेल्यापासून वडील, मार्तंडराव, खुर्चीतून उठत नव्हते. ते रिटायर्ड मास्तर. त्यांनी कार्डं उत्तरपत्रिकांसारखी भराभर उरकली. स्वयंपाकाचं कार्ड आलं तेव्हा मात्र हात थांबला.

"तुझ्या आईला रे... स्वयंपाक आवडायचा का?"

"मला काय माहीत, बाबा."

"मलाबी न्हाई. भाजी कोणती आणू विचारलं, तर म्हणायची, काहीबी चालतंय. मला बरं वाटायचं. काही मागत न्हाई बिचारी." त्यांनी ते कार्ड तिसऱ्या डब्यात टाकलं, पुन्हा काढलं, हातातच धरून बसले. "एकदा तरी कशाला तरी नको म्हणायचं होतं रे तिनं..."

पुढच्या शनिवारी स्टँडवर मिहिरनं पिशवी देविकाच्या हातात दिली. चहा न मागवताच म्हणाला, "मला तुम्ही आवडता. ते स्थळ मला न्हाई चालत. बिलकुल न्हाई चालत."

तिचा चेहरा उजळला, क्षणभरच. मग तिनं डावा हात ओढणीखालून काढला. बोटात अंगठी होती.

"गुरुवारी साखरपुडा झाला."

"पण मी आता सांगून राहिलो ना..."

"पहिलं उत्तर धरतात, मिहिर."

"आणि तुम्ही? तुम्ही घरी काय म्हणालात?"

देविका गाडीच्या पाटीकडे वळली. "इतक्या लोकांना विचारत फिरले मी... बाबांनी मला विचारलं, तर..." ती कसंनुसं हसली. "मीही चालतंयच म्हणाले."

गाडीला गर्दी होती. मिहिरनं खिडकीतून रुमाल टाकला, तिची जागा धरली. ती बसली. गाडी हलली तेव्हा तिनं रुमाल हातात घेतला... आणि परत दिला नाही.

"काय देऊ बेटा?" तो हॉटेलात शिरताच जिलानीचाचांनी विचारलं.

"कॉफी," मिहिर लगेच म्हणाला.

"कॉफी तर खतम झाली. चहा चालतो का?"

"न्हाई चालत, चाचा." त्यानं डोळे पुसायला खिसा चाचपला. खिसा रिकामा होता.

"अरे, रडतो कायको?" चाचा घाबरून म्हणाले. "कॉफीच तर हाय. उद्या येती ना!"